कुणाची गं तू?

११ जानेवारी, मंगळवार

चार जण यायचे होते. एक आला. तोही शेजारी दातवालीच्या रांगेत जाऊन बसला होता, तिथून उठवून आणावा लागला!

दुपारी दवाखान्याच्या प्रमुखांनी, झाकिपोवसाहेबांनी, बोलावलं. हातात माझं रजिस्टर. "उल्कानबाई, वर्षात एकतीस पेशंट. तिसऱ्या खेपेनंतर टिकले किती? पाच. बाकीचे सव्वीस गेले कुठे?" मी म्हटलं, आपापल्या घरी. त्यांना हसू आलं नाही. मार्चमधल्या नूरुजच्या सणाआधी लेखी द्यायचं — लोक उपचार मध्येच का सोडतात. नाही दिलं तर माझी खोली दातवालीला. तिला दुसरी खुर्ची टाकायची आहे आणि माझ्या खोलीत नळ आहे. नळ! या वयात राजधानीत, बिश्केकला अकरा महिने राहून माणसांच्या मनातलं ऐकायला शिकून आले, आणि नारिनमध्ये माझ्या खोलीची किंमत काय, तर नळ.

पाय दुखतायत. सूप गरम केलं नाही, तसंच प्यायले.

१२ जानेवारी

कारणं लिहायला बसले. बर्फ. रस्ता. नवरा. लाज. पाचवं सुचेना, झोप लागली.

१६ जानेवारी, रविवार

तुर्सुनायताईचा फोन. तासभर. सगळा सुनेचा पाढा. "परातीत पीठ घेते नि बघत बसते! पिठाकडे! दोन वर्षं झाली लग्नाला, अजून भाकरी धड फुगत नाही. मिर्लान तिकडे मॉस्कोत राबतोय आणि ही इथे पिठाशी गप्पा मारतेय." मी हं हं करत होते. दिवसभर लोकांचं ऐकते, घरी आल्यावर माझ्याजवळ 'हं' एवढंच उरतं. आणि ताईला तोडून कसं बोलू? आई गेल्यावर तिच्या हातचं खाऊन वाढले मी. माझा नवरा, कासिम गेला तेव्हा चाळीस दिवस माझ्या घरी राहून रांधत होती. मी मात्र मिर्लानच्या लग्नानंतर तिच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. आधी साथ, मग कासिमचं आजारपण, मग... मग काही नाही. कंटाळा. खरं ते लिहावं.

गेलेल्यांची यादी काढली. पोस्टातला म्हातारा दोनदा आला. "सगळं तर सांगून झालं, आता काय परत तेच सांगू?" गणिताच्या बाई. तिसऱ्या खेपेला रासबेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन आल्या, गळ्यात पडल्या, आणि गेल्या त्या गेल्याच. मुरंबा संपला. शारापात — दोन्ही वेळा हमसून हमसून रडली, आणि गायब.

माझंच काहीतरी चुकतंय. पण काय?

२२ जानेवारी, शनिवार

सापडलं. बाजारात सापडलं!

शारापात सुक्या जर्दाळूंच्या पोत्यामागे उभी होती. मला वाटलं तोंड चुकवेल. कुठलं! धावत आली, माझ्या खिशात मूठभर जर्दाळू कोंबले. "काकू, किती वाळलात!" ऑक्टोबरात पहिल्यांदा आली तेव्हा 'डॉक्टरबाई' म्हणत होती.

"का गं आली नाहीस परत?"

"अहो काकू, आल्या-आल्या तुम्हीच विचारलंत ना — कुणाची गं तू, कुणाच्या घरात दिली? मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, अगंबाई, म्हणजे आमच्या कासिमच्या चुलतभावाची सून! किती आनंद झाला तुम्हाला. दोनदा चहा दिलात."

"मग?"

"मग काय! आता तुमच्यापुढे नवऱ्याचं काय सांगू? परवा बारशाला तुम्ही मानाच्या जागी बसला होतात, आणि तो तुमच्या हातांवर पाणी घालत होता. त्याच हातानं तो मला —"  गिऱ्हाईक नसताना जर्दाळू तोलायला लागली. मग म्हणाली, "राग नका मानू हं. तुम्ही आपल्याच आहात ना!"

ये परत म्हटलं. येईन हो, म्हणाली. येणार नाही.

मला आठवतंय ते पाणी. कोमट होतं. टॉवेलही त्यानंच दिला. मी त्याला आशीर्वाद दिला, सुखी राहा म्हणून!

२३ जानेवारी

सव्वीसच्या सव्वीस फाइली काढल्या. पहिली ओळ प्रत्येकीत माझ्याच अक्षरात — कुणाची, कुठल्या गावची, कोणतं कुळ. आजारबिजार सगळा खाली. आणि बहुतेकींत पुढे कंसात मीच लिहिलंय: 'आमच्या आत्याकडचे', 'कासिमच्या आजोळचे', 'बुबुच्या दिराचे'. या गावात ज्याला विचाराल तो तिसऱ्या पायरीवर नातेवाईक निघतो. नातं निघालं की मी खूश, आणि पेशंट गप्प.

आणि विचारायचं नाही तर करायचं काय? माणूस दारात आला, कुणाचा म्हणून विचारलं नाही, तर तो म्हणेल बाईला आईबापांनी वळण लावलं नाही. बिश्केकला शिकवणारी होती ती शहरात वाढलेली, तिनं हे कधी सांगितलंच नाही. तिच्याकडे लोक लिफ्टनं यायचे नि लिफ्टनं जायचे.

ठरलं. विचारायचं नाही. जीभ चावीन, पण नाही.

२५ जानेवारी, मंगळवार

नवीन पोरगी. बेर्मेत. बावीस-तेवीस. तोंडावर मास्क, भुवयांपर्यंत ओढलेला हिरवा रुमाल, एका कोपऱ्यात झालर उसवलेली. असे रुमाल आमच्याकडे समारंभा-समारंभातून फिरत असतात, मीही कुठेतरी असलाच दिला होता. मधे नुसते डोळे. कोट काढला नाही. खुर्चीच्या टोकावर बसली.

प्रश्न जिभेवर आला. कुणाची गं —! गिळला. ठसका लागला. नळाचं पाणी प्यायले. (साहेब, नळाचा उपयोग होतो बरं का!) तिनं माझ्याकडे अशी टक लावून पाहिलं की जणू ती माझ्या तोंडून काहीतरी यायची वाट बघतेय. मी म्हटलं, "बोल बाळा, तुला हवं तिथून."

 मग: "घरी दात दुखतो म्हणून सांगून आलेय."

एवढंच. पण पुढच्या मंगळवारी येते म्हणाली.

१ फेब्रुवारी, मंगळवार

आली. बोलली.

नवरा परदेशी कामाला. त्याचा फोन येतो तो घरातल्या थोरल्यांच्या फोनवर. सासूचं नाव सून घेत नाहीच, ही तर 'सासू'सुद्धा म्हणत नाही, 'घरातल्या थोरल्या' म्हणते. हिचा स्वतःचा फोन थोरल्यांनी पहिल्याच महिन्यात ठेवून घेतला, पासपोर्ट पेटीत, पेटीची किल्ली थोरल्यांच्या गळ्यात. मारत नाहीत. उपाशी ठेवत नाहीत. "मी असले काय, नसले काय, त्या घराला कळत नाही." गेल्या शरदात पोट पडलं. कुणी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. त्या दिवशीही चहा हिनंच ओतला.

गावाकडून येताना मिनीबस नदीच्या पुलाअलीकडे सोडते. ती पुलाच्या मधोमध थांबते. "खाली बघितलं की बरं वाटतं. सगळं गप्प होतं."

 सरळ विचारलं, उडी मारायचं मनात येतं का? तिनं मान हलवली. हो अशी.

तिच्याकडून वचन घेतलं. या मंगळवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत पुलावर थांबायचं नाही. सरळ चालत यायचं. तेवढंच, एका आठवड्याचं. संपलं की माझ्यासमोर बसून नवीन घ्यायचं. मोठ्या दवाखान्यात चल म्हटलं तर उठून निघालीच होती. "तिकडे कळवलंत तर घरी कळेल. मग मी येणारच नाही." थांबवली. म्हणजे तिनं यायचं सोडलं तर वचनही संपलं.

८ फेब्रुवारी

तिसरी खेप! आली! वचन पाळलं म्हणाली, पुलावरून जवळजवळ पळत आले. नवीन वचन दिलं. साहेबांना मनातल्या मनात जीभ दाखवली.

१५ फेब्रुवारी

चौथी. "पिठात हात घातला की आईचं घर आठवतं. मग मी कुठे आहे ते विसरतेच." जाताना दाराशी घुटमळली. परत मागे वळून पाहिलं. मी हसले, हात केला. वचन दिलं.

दुसरे दोघे आले नाहीत. हरकत नाही. खूप थकले आज. पण एक टिकली.

२२ फेब्रुवारी

पाचवी.

निघताना म्हणाली, "तुम्ही मला काहीच विचारत नाही." मला भरून आलं. अखेर कुणाला तरी समजलं! म्हटलं, "नाही विचारत. म्हणूनच तू बोलू शकतेस ना?" तिनं रुमाल भुवयांवर आणखी ओढला. वचन दिलं, खालच्या आवाजात.

साहेबांच्या कागदावर पहिलं वाक्य लिहिलं: 'गावातल्या माणसाला नातं विचारलं की तो पेशंट राहत नाही.' चांगलं उतरलंय.

२७ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. मी दूध तापवत होते, फोन खांद्यावर. सून, सून, सून. "दर आठवड्याला शहरात काहीतरी काम काढते. सोडू की नको?" दूध वर आलं. म्हटलं, "नको सोडूस, ताई! सोडतेसच कशाला?" फोन संपावा म्हणून म्हटलं. दूध उतू गेलंच.

१ मार्च, मंगळवार

बेर्मेत आली नाही.

पाचपर्यंत बसले. दातवाली जाताना दिवा घालवून गेली. मी आत आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

बस बंद असेल. ताप असेल. पण वचन आजपर्यंतचंच होतं. फोन नंबर नाही, पत्ता नाही. पत्ता विचारला नव्हता. नाही विचारायचं ठरलं होतं ना!

४ मार्च

पुलापर्यंत चालत गेले. कठड्यावर बर्फ. कडेनं पाणी गोठलंय, मधे काळं वाहतंय. चौकीवरच्या पोलिसाला विचारलं, इकडे काही... तो म्हणाला, काही नाही काकी, घरी जा, पडाल.

८ मार्च, मंगळवार

महिला दिन, दवाखाना बंद. तरी जाऊन पायरीवर थांबले. कुणी आलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन, शुभेच्छा द्यायला. खुशीत होती. "तू म्हणालीस ते बरोबर होतं बघ. आता शहराचं नाव घेत नाही. दातसुद्धा दुखायचा राहिला म्हणे, आपोआप!"

"कुठला दात?"

"अगं तोच! दर मंगळवारी दात दुखायचा ना तिचा."

खाली बसले. जमिनीवरच. ताई बोलतच होती — हल्ली तोंडच उघडत नाही, पिठाकडे बघते तशी आता भिंतीकडे बघते. मी विचारलं, ताई, तुझ्या सुनेचं नाव काय गं? ती हसली. "म्हातारी झालीस! बेर्मेत."

पीठ! जानेवारीत ताईनं सांगितलं, फेब्रुवारीत पोरीनं सांगितलं. एका कानानं घरी ऐकलं, दुसऱ्यानं दवाखान्यात. दोन्ही कान माझेच की! पेटीची किल्ली गळ्यात घालणारी थोरली म्हणजे माझी ताई. मला भरवणारी ताई.

आणि तो हिरवा रुमाल. मीच दिला तो. लग्नात सून पडद्यामागे बसते, तिचं तोंड बघायचं तर काहीतरी द्यावं लागतं. मी पडदा सारला, रुमाल तिच्या डोक्यावर घातला, रीतीप्रमाणे काहीबाही बोलले, आणि मांस कापायला स्वयंपाकघरात पळाले. दोन वर्षांनी ती माझ्यासमोर पाच मंगळवार बसली, आणि मी म्हणे माणसं ओळखायला शिकलेय!

तिला माहीत होतं का, मी कोण ते? माहीत असतं तर आली असती? नाही, नसेलच माहीत. आणि मीच तिचा रस्ता बंद केला. दुधासाठी.

९ मार्च

घाट बंद. रात्रभर बर्फ. मिनीबसवाला म्हणाला उद्या. ताईला दोनदा फोन केला, उगाच, मागे सुनेचा आवाज येतो का ते ऐकायला. दुसऱ्यांदा कपबश्यांचा आवाज आला. मग जरा जेवले.

१० मार्च, गुरुवार

जाऊन आले.

आधी शेवटचं लिहिते: ती आहे. जिवंत आहे.

ताई दारातच रडली, दोन वर्षांनी आलीस म्हणून. जेवणाचं दस्तरखान अंथरलं, त्यावर लोणी, जर्दाळू, पिठाचे तळलेले गरम बोर्सोक. शेजारच्या दोघी आल्या. आणि बेर्मेत आली चहा ओतायला. मास्क नाही. पहिल्यांदा तोंड पाहिलं मी. हनुवटीवर छोटा व्रण आहे. वर बघेना. माझा पेला मानाच्या पाहुणीला भरतात तसा अर्धाच भरला, दोन्ही हातांनी पुढे केला, मागे सरून दाराशी बसली. जणू मला कधी पाहिलंच नाही.

काय बोलणार? तिनं खोलीत सांगितलेलं इथे काढायचं नाही. मेले तरी नाही. ताईला 'तू त्या पोरीचं काय करतेस ते बघ' म्हणायचं, तर ताई विचारेल, तुला कुणी सांगितलं? डॉक्टरीण म्हणून मला त्या घरात एक अक्षर बोलता येत नव्हतं. तीन पेले चहा झाला. चौथ्याला ती पुन्हा आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं —

"कुणाची गं तू?"

ताई खळखळून हसली. "हिला काय झालंय! अगं, आपल्या मिर्लानची बायको."

"तुला नाही विचारलं ताई. तिला विचारलं. ये बाळा, इथे बैस. कुणाची तू?"

 दाराजवळची सून, तिला वर, माझ्या बाजूला बसायला सांगितलं! किटली तिच्या हातात तशीच. ताईनं भुवया उडवल्या, पण पाहुणी मी, त्यात धाकटी बहीण, किती दिवसांनी आलेली. म्हणाली, "बस गं, सांग."

बसली. अगदी हळू बोलायला लागली. तेमिरबेकची मुलगी. कोचकोरच्या पलीकडच्या गावची. आईचं नाव झैनेप. आई शाळेत भाकरी भाजते, तीनशे पोरांची. धाकटा भाऊ कुस्ती खेळतो. आजोबा घोडे राखायचे. एकेक नाव घेताना आवाज मोठा होत गेला. ताई ऐकत होती. एकदम म्हणाली, "तीनशे पोरांची? रोज? हे तू कधी बोलली नाहीस गं."

"तुम्ही विचारलं नाहीत," बेर्मेत म्हणाली. उद्धटपणे नाही. सहज. ताईनं बोर्सोक उचलला आणि हातातच धरून बसली.

मी लगेच घाई केली. म्हटलं, ताई, हिचा दात मला दाखवायचाय, वरून बरा वाटतो नि आत सडतो. मंगळवारी पाठव. दर मंगळवारी. आणि पासपोर्ट दे, दातवालीला नोंदीला लागतो. सरळ थाप! पासपोर्ट कशाला लागतोय दाताला! पण बहिणीला कोण नाही म्हणतं? ताईनं गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली, पासपोर्ट माझ्या हातात दिला. तिच्या नाही, माझ्या. अंगणात तो मी पोरीच्या कोटाच्या खिशात घातला. म्हटलं, मंगळवारी येशील? पुलावर थांबायचं नाही.  बस आली.

ताईवर चिडता येत नाही मला. निघताना पिशवीत लोणी कोंबत होती.

आता मंगळवार पाच दिवसांवर. जेवले नाही. लोणी तसंच पिशवीत आहे.

१५ मार्च, मंगळवार

आली. एकटी. मास्क काढून बसली.

मी आधीच सुरुवात केली — ताईनं तुला अडवलं त्यात चूक माझी, मीच फोनवर...

"त्यांनी नाही अडवलं," म्हणाली. "एवढ्या वेळी जा म्हणून एक तारखेला बसचे पैसे त्यांनीच दिले हातात. मीच आले नाही. पुलापर्यंत आले, तिथे थांबले, आणि परत गेले."

का गं?

रुमाल सोडला, घडी करून टेबलावर ठेवला. "हा माझ्या डोक्यावर घालून तुम्हीच म्हणाला होतात ना, शहरात मी आहे, काही लागलं तर माझ्याकडे ये. म्हणून तर आले. पाच मंगळवार वाट पाहिली, आज तरी विचारतील कुणाची तू. मग वाटलं, ओळखलंय मला, पण यांनाही मी नकोय."